सकाळचा सहाचा फोन

१२ डिसेंबर, शुक्रवार. चहाचं पातेलं घासतेय.

पातेलं तुमचं आहे, रशीदभाई. दुपारी तुमच्या बेगमने, नसीमाआपांनी, रिक्षात घालून पाठवून दिलं, झाकणासकट. निरोप एवढाच, "अब ये विलासभाई के पास रहने दो." आतून काळं, बाहेरून त्याहून काळं. थर असा बसलाय की चमच्याने खरवडलं तर पापुद्रे निघतात. इतकी वर्षं तुमच्या मीटिंगचा चहा ह्यात होत होता, आणि एकालाही ते चिंच लावून घासावंसं वाटलं नाही. दारू सोडलेली माणसं चहा किती पितात हे मला माहीत होतं. पातेल्याचे काय हाल झाले ते आज बघितलं.

हे म्हणाले, "ठेव, मी घासतो." म्हटलं, नको, मीच घासते. हात चालू असले की मला नीट विचार करता येतो, आणि तुमच्याशी बरंच बोलायचं राहिलंय.

आधी एक गोष्ट. रशीदभाई हे तुमचं खरं नाव नाही, आणि विलास हे ह्यांचं नाही. मीटिंगला येणाऱ्याचं नाव बाहेर जाऊ द्यायचं नाही हा तुमचा नियम, तो मी इथे पाळतेय. "भाबी मेरी एक नै सुनते" असं तुम्ही सगळ्यांना सांगत फिरायचात. ही एक ऐकली, नोंद घ्या.

तुम्हाला घरी बोलावलं ते मीच. हे दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात राहून आले होते. दोन्ही वेळा काही दिवस बरे गेले आणि मग पुन्हा तेच. मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर. खोटं बोलणारी मुलगी मला फाटकातून आत येतानाच कळते, आणि ह्यांचं खोटं तर नुसती पायरी वाजली की कळायचं. शिस्त लावून झाली होती. बाटल्या शोधून मोरीत ओतून झाल्या होत्या. आमच्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेऊन झाली होती, आणि मोडूनही झाली होती. कुणीतरी भुकटी दिली होती, आमटीत कालवायची, ती कालवून झाली. मग डॉक्टरांनी तुमचा नंबर दिला. म्हणाले, "हे गृहस्थ स्वतः त्यातून बाहेर आलेत. बोलून बघा."

तुम्ही रविवारी सकाळी आलात. ट्रान्सपोर्टवाला माणूस, सफारी, सुटलेलं पोट, खिशाला तीन पेनं. मी सगळी तयारी करून बसले होते. कधी सुरू झालं, कुणामुळे वाढलं, आजवर काय काय उपाय केले, सगळं क्रमवार सांगणार होते. तुम्ही माझी दोन वाक्यं ऐकलीत आणि म्हणालात, "भाबी, तुम जरा बाहर बैठते क्या? मेरेकू इससे बात करनी है."

माझ्याच घरातून मला बाहेर. निवडायची गवार घेऊन मी पायरीवर जाऊन बसले. निम्मी गवार मोडून झाली असेल, आतून हसण्याचा आवाज आला. दोन माणसांचा. एक हसणं तुमचं असणार हे कळलं. दुसरं ओळखायला मला वेळ लागला, इतक्या दिवसांत ते ऐकलंच नव्हतं.

गवार तशीच टाकून मी उठले. वाटलं, आत जाऊन विचारावं की एवढं हसण्यासारखं काय सापडलं. आमच्या घरात तसं काही शिल्लक असल्याचं मला तरी माहीत नव्हतं.

तुम्ही निघालात, चपला घालत होतात, तेव्हा मी तुम्हाला गाठलंच. "काय सांगितलंत त्यांना?"

"कुछ नै भाबी. गप्पां मारे."

"गप्पांनी दारू सुटते?"

"आज की छूटी तो बस हुआ. कल की कल देखेंगे."

त्या दिवसापासून मी हा एकच प्रश्न तुम्हाला विचारत आले. कधी चहा देताना, कधी फोनवर, एकदा तर भर बाजारात मेथीची जुडी हातात धरून. काय सांगितलंत? जे मी इतकी वर्षं सांगितलं नाही असं काय होतं? तुमचं उत्तर ठरलेलं. "वो बात विलास की है. उसने बोला तो बोला." आणि ह्यांना विचारलं तर हे नुसते मान हलवायचे.

तुम्ही ह्यांना 'मेरा विलास' म्हणायचात. रस्त्यात, खांद्यावर हात टाकून. मी लग्न होऊन आल्यापासून 'हे' म्हणते. 'माझे' असं तर कधी म्हटलंच नाही, आमच्यात तशी पद्धत नाही. तुमचं मात्र दोन महिन्यांत 'मेरा' झालं.

रोज सकाळी सहाला फोन वाजायचा. हे उठून गॅलरीत जायचे आणि दार ओढून घ्यायचे. मला काचेतून पाठ दिसायची. ती पाठ माझ्याशी बोलताना कधी एवढी सैल नसते. पाच-दहा मिनिटांत परत यायचे, पेपर उघडायचे, आणि मी काही विचारलं तर "काही नाही गं." काही नाही म्हणणारा माणूस रोज फोनवर काय बोलतो?

वर तुम्ही ह्यांना मीटिंगच्या चहाचं काम दिलंत. आमच्या घरात ह्यांनी पाण्याचा तांब्या कधी स्वतःच्या हाताने भरून घेतलेला नाही. एकदा चष्मा घरी विसरले म्हणून तो द्यायला मी तुमची मीटिंग भरते त्या शाळेच्या खोलीपाशी आले, तर दारातून हेच पातेलं दिसलं. खांद्यावर पंचा टाकून हे आलं ठेचत होते आणि खोलीभर विचारत होते, "साखर कमी कुणाला हवी?" मला डायबिटीस आहे, रशीदभाई. हा प्रश्न घरात कुणी कधी विचारला नव्हता. चष्मा बाहेरच्या माणसाकडे दिला आणि मी परत फिरले.

आणि माझीच वाक्यं तुमच्या तोंडून येऊन मला परत ऐकावी लागायची. संध्याकाळी त्या दुकानावरून येऊ नका, हे मी किती वेळा सांगितलं होतं. तुम्ही एकदा सांगितलंत, आणि हे घरी येऊन मलाच समजावायला लागले. "अगं, भाई म्हणतात रस्ता बदलायचा. काय डोकं आहे माणसाचं." मी तव्यावरची भाकरी उलटली.

आपले वाद सगळे अर्धे राहिलेत. तुम्ही म्हणायचात, ही बीमारी आहे. मी म्हणायचे, कुठलाही आजार माणूस दुकानात जाऊन विकत आणत नाही.

"तुमकू शुगर है ना भाबी? ठान लिये तो उतरती क्या?"

"माझ्या शुगरने दिवाळीत कुणाचं ताट भिरकावलेलं नाही, रशीदभाई."

तुम्ही अजून एक धपाटं पानात ओढून घेतलंत आणि म्हणालात, "ये बात सही है." तुमच्याशी भांडण्यात हीच अडचण होती. मधेच कबूल होऊन बसायचात. आज मला आजाराचं बरंचसं पटतं. ज्या माणसाला सोडायची मनापासून इच्छा आहे त्याचाही हात तिकडे जातो, हे मी डोळ्यांनी बघितलंय, आणि ते नुसत्या नालायकपणाने होत नाही. पण ताटाचं मी सोडणार नाही. दोन्ही खरं असू शकतं, एवढंच तुम्हाला सांगायचं होतं.

अकलूजचं लग्न आठवतं ना? पुतण्याचं. मधले आठ-दहा महिने स्वच्छ गेलेले. तिथे कुणीतरी पाहुण्याने आग्रह केला, "एवढ्यानं काय हुतंय की, घ्या," आणि ह्यांनी घेतली. मग घरी आल्यावरही घेतली. सकाळी मी तुम्हाला फोन लावला आणि म्हटलं, "बघा, पडलाय तुमचा विलास." 'तुमचा'वर जोर देऊन म्हटलं. तुम्हाला तो जोर कळला असणार, पण तुम्ही विचारलंत ते वेगळंच.

"फॅक्टरी कू फोन किये क्या?"

"करणारच आहे. व्हायरल आहे म्हणून सांगते."

हे अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतात. असा फोन मी आजवर इतक्यांदा केला होता की त्यांच्या साहेबांच्या लेखी ह्यांना बाराही महिने व्हायरलच असायचा.

"नक्को करो भाबी. वो करेगा."

"त्यांना धड उभं राहता येत नाहीये."

"तो पडे-पडे करेगा."

दुपारी ह्यांनी केला. नंबर दोनदा चुकला. म्हणाले, "साहेब, मी प्यायलो होतो, म्हणून आलो नाही." हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. तेही साहेबाला सांगितलेलं. त्या दिवशी मी साहेबावरही जळले.

संध्याकाळी हे स्वतः रिक्षा करून मीटिंगला गेले. तुम्ही न्यायला आला नाहीत म्हणून मी तुमच्यावर चिडले होते. तुम्ही म्हणालात, "मैं लेके गया तो कल भी मेरी राह देखता बैठेगा." मला तेव्हा तो आळशीपणा वाटला. नंतर कारखान्याला फोन करायची वेळ माझ्यावर आली नाही. लोक मला म्हणतात, केवढं ओझं उतरलं असेल. खरं सांगायचं तर एक काम हातातून गेल्यासारखं वाटलं होतं. मी ते काम चांगलं करायचे.

पुढे न पिता सलग एक वर्ष झालं. त्या दिवशी तुम्ही लोक वाढदिवस करता, फुगे लावता, मेडल देता, घरच्यांना बोलावता. मी इरकल नेसून दुसऱ्या रांगेत बसले होते. कुणीतरी ह्यांना विचारलं, मेडल कुणाच्या हातून घेणार? मी मांडीवरची पर्स शेजारच्या खुर्चीवर ठेवली. हे म्हणाले, "रशीदभाई." मी पर्स उचलून पुन्हा मांडीवर घेतली.

तुम्ही ते पाहिलंत. "भाबी कू बुलाओ," म्हणालात. मी जागेवरूनच सांगितलं, नको, तुम्हीच द्या.

दुसऱ्या दिवशी तुम्ही घरी हजर. "भाबी, गाली देव."

"मी शिव्या देत नाही."

"तो फिर चाय देव."

चहा पिता पिता तुम्ही तुमचं नेहमीचं काढलंत. बाजूच्या खोलीत पिणाऱ्यांच्या घरच्या बायकांची मीटिंग भरते, तिथे मी का येत नाही. म्हटलं, "मला काय झालंय? मी पिते का? आजार त्यांचा आणि मीटिंग मला?" तुम्ही कप खाली ठेवलात. "पीता वो है भाबी. चक्कर तुमकू आती." त्यानंतर प्रत्येक वेळी दारातून निघताना तुम्ही विचारायचात, "आते क्या?" आणि मी म्हणायचे, "बघू." गेल्या आठवड्यातही बघूच म्हणाले होते.

मंगळवारी सहाला फोन वाजला. तुमचाच नंबर. हे गॅलरीत गेले आणि दार ओढायच्या आतच परत आत आले. फोनवर तुमचे जावई होते.

तुमच्या घरी मी बायकांच्या खोलीत बसले होते. खिडकीतून बाहेरचे पुरुष दिसत होते. एक वकील, एक हमाल, कॉलेजातले एक सर, एक गुरव. कुणी कुणाच्या नात्यातलं नाही, आणि लहान पोरांसारखे रडत होते. तुमच्या बहिणीने मला विचारलं, "ये लोगां कौन हैं?" मी म्हटलं, "दोस्त." तिने पुन्हा बाहेर पाहिलं. "भाईजान के इत्ते दोस्त? कहां के?" मी गप्प. तुमचा नियम.

नसीमाआपांनी माझा हात धरला होता. बायका जरा पांगल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "सच बोलूं? तुम्हारे मिस्टर पे मैं बहुत जलती थी. फजर पढके उठे कि विलास कू फोन. मेरेसे बात नाश्ते के बाद."

त्या घरात, त्या दिवशी मला हसू आलं. मी पदर तोंडाला लावला. बायकांना वाटलं रडतेय, एकीने पाणी आणून दिलं.

बुधवारी सहाला हे उठून गॅलरीत गेले. फोन हातात. वाजणार नाही हे त्यांना माहीत होतं, तरी बराच वेळ उभे होते. आता ह्यांचं काय होणार, हा प्रश्न मी दिवसभर वसतिगृहात घेऊन फिरले. ग्रुपमधले लोक आहेत, वकिलांचा फोन येऊन गेला, हे बोलले, पण दोन मिनिटांत ठेवला. अकलूजला तर तुम्ही जिवंत असतानाही घसरले होते.

काल सकाळी मी दोन कप चहा केला आणि गॅलरीत ह्यांच्यापाशी गेले. तुमची ती जागा आता रिकामी होती. इतकी वर्षं मला ती हवी होती. खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, "बोला."

"काय?"

"त्यांच्याशी बोलायचात ते."

ह्यांनी कप घेतला. "तू घाबरशील."

"मी?"

"मी आत्ता म्हटलं, प्यावीशी वाटतेय, तर तू काय करशील?"

तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात स्कूटरची किल्ली लपवली, पाकीट काढून घेतलं, कुर्डुवाडीच्या भावाला फोन करून बोलावलं आणि वसतिगृहात रजा टाकली. हे माझ्याकडे बघत होते.

"बघ," म्हणाले, "निघालीस ना पळत?"

"आणि ते काय करायचे?"

"हसायचे. म्हणायचे, मेरेकू भी."

"एवढंच?"

"एवढंच. त्या पहिल्या रविवारीही तेच. तू बाहेर गेल्यावर मी त्यांना म्हटलं, तुमचं सगळं ठीक आहे हो, पण मला आत्ता, या मिनिटाला प्यायची आहे. तर म्हणाले, मेरेकू भी. सोडून किती वर्षं झाली होती त्यांना. मग आम्हाला दोघांनाही हसूच आलं."

मी कप उचलून आत आले. दोन शब्द. त्या दोन शब्दांसाठी मी तुमच्या मागे मेथीची जुडी घेऊन फिरले. मी ह्यांना शपथा दिल्या, धाक दिला, माया दिली, मुलीचं तोंड दाखवलं. हे दोन शब्द तेवढे माझ्यापाशी नव्हते, आणि मी म्हटले असते तरी ते खोटे ठरले असते. मी आयुष्यात दारूचा थेंब चाखलेला नाही. ह्या गोष्टीचा मला काल पहिल्यांदाच राग आला.

सगळे म्हणतात, रशीदभाईंमुळे तुम्हाला नवरा परत मिळाला. मिळाला खरा. पण तो तुमच्या हातून घ्यावा लागला, आणि ते मला कधी जमलं नाही. तुम्ही होता तोवर आभार मानले नाहीत. आता मानते. जळणं त्याने कमी होत नाही, तेही सांगून ठेवते. तुम्ही असता तर मधेच कबूल होऊन बसला असता, "ये बात सही है."

पातेलं झालं. तळाचा एक डाग काही निघत नाही. असू दे, त्यात चहाच तर करायचाय. उद्या मीटिंग आहे, हे घेऊन जाणार आहेत.

शनिवार. हे सकाळचं.

सहाला फोन वाजला. मी ओट्यापाशी होते, चहाचं आधण ठेवलं होतं. हे अंघोळीला गेलेले, फोन टेबलावर. नंबर अनोळखी. मी घेतला.

"विलासभाऊ हायत का?" बाईचा आवाज. "मी वळसंगवरनं बोलती. त्या रशीदभाईंच्या घरनं ह्यो नंबर दिला. आमच्या मालकाशी जरा बोलतील का त्ये? लई वाढलंय ओ."

"अंघोळीला गेलेत. आले की देते."

मला वाटलं ती ठेवेल. तिने ठेवला नाही.

"तुमी त्यांच्या मंडळी का?"

"हो."

"मग एक इचारू? हसणार न्हाई न्हवं?"

"विचारा."

"सकाळी मालक झोपल्यालं असत्यात, तवर मी उठून आदी त्यांचा सदरा हुंगती. रोज. देवापुढं हात जोडायच्या आदी. सासू म्हणती, येडी झाली ही. मला येड लागलंय का ओ?"

न्हाणीघरात तांब्याचा आवाज येत होता. दाराशेजारच्या खुंटीवर ह्यांचा कालचा शर्ट होता. मला हसू आलं, आवरलं नाही.

"मी पण," म्हटलं. "कालसुद्धा."

पलीकडे ती हसली. मी गॅस बारीक केला आणि स्टूल ओढून बसले.